जुन्या जीपचे स्टिअरिंग : घरी काय करता येते, काय करू नये

खान्देशात अजूनही बऱ्याच घरांसमोर एखादी जुनी गाडी उभी दिसते. धुळ्यात एखाद्या डॉक्टरांच्या अंगणात प्रीमियर पद्मिनी असते, एखाद्या व्यापाऱ्याकडे अॅम्बेसेडर असते. आमच्या साक्री, पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर या पट्ट्यात मात्र बहुधा जीप असते. शेतावर जायला, कांद्याच्या गोण्या आणायला, लग्नाला माणसे न्यायला आणि रात्री-अपरात्री आजाऱ्याला धुळ्याला पोहोचवायला तिचा उपयोग झालेला असतो. त्यामुळे ती विकावी असे घरात कोणालाच वाटत नाही. तिला रंग देतात, ताडपत्री बदलतात, इंजिनाचे काम निघाले तर उसनवारी करूनही ते करतात. स्टिअरिंगच्या सांध्यांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. इंजिन बिघडले की गाडी थांबते. स्टिअरिंग झिजले तरी गाडी चालत राहते आणि चालवणाऱ्याचे हात नकळत त्या झिजेशी जुळवून घेतात.

आमच्या घरची जीप महिंद्राची, उंच बॉनेटची, १९७३ च्या मॉडेलची. अब्बांनी ती १९८० च्या दशकात एका सरकारी लिलावात घेतली. अब्बा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, पण गाडी तेच चालवत. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंगचे चाक डावीकडे-उजवीकडे हलवत राहावे लागे आणि पन्नासच्या पुढे वेग गेला, वर एखादा खड्डा लागला, की पुढची चाके थरथरायची. नवा माणूस शेजारी बसला तर दांडी धरून बसे. अब्बा म्हणत, "तिची चालच तशी आहे."

या मे महिन्यात आमच्या घरातले लग्न नवापूरला होते. साक्रीहून नवापूरला जायचे तर दहिवेल सोडल्यावर विसरवाडीकडे उतरताना कोंडाईबारीचा घाट लागतो. सुरत-धुळे-नागपूर महामार्गावरचा हा घाट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मलकापूरहून सुरतेला निघालेली खासगी बस याच घाटात दरीत कोसळून पाच जणांचा जीव गेला होता. त्या उतारावर ट्रक आणि टँकर मागेपुढे असताना जीपमध्ये घरातल्या आठ बायका-मुलांना बसवायचे की नाही, हा प्रश्न होता. आम्ही आणि धाकट्या भावाने ठरवले की स्टिअरिंगचे काम झाल्याशिवाय जीप घाटात न्यायची नाही. अब्बा दोन दिवस नाराज होते. शाळेला सुट्टी होती, वेळ होता, आणि जीप ही अशी गाडी आहे की तिचा प्रत्येक सांधा हाताला लागतो.

ती तशी का आहे, हे तिच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. आघाडीवरच्या सैनिकाला चार पाने आणि एक हातोडा एवढ्यावर दुरुस्ती करता यावी, अशी तिची रचना होती. युद्धानंतर विलीजने हीच गाडी शेतकऱ्यांसाठी काढली आणि तिची जोडणी मुंबईत माझगावला महिंद्रांनी सुरू केली. ही कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते, हे आमच्या वर्गातल्या मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या भावांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद हे अलीगढला शिकलेले, हिशेबात तरबेज गृहस्थ होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. 'एम अँड एम' छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून अक्षरे तीच राहू दिली, असे सांगतात. आमच्याकडे आहे ती ठेवण सीजे-३बी या नावाची. विलीजने ती १९५३ मध्ये आणली. नवे इंजिन उंच असल्यामुळे बॉनेट उंच करावे लागले आणि ते उंच बॉनेट आपल्या देशात पुढे कितीतरी वर्षे बनत राहिले.

आता स्टिअरिंगकडे येऊ. आपण चाक फिरवतो तेव्हा त्याच्या दांड्याच्या टोकाला असलेला स्टिअरिंग बॉक्स ती फिरकी एका लहान हाताला देतो. त्याला पिटमन आर्म म्हणतात. तो हात पुढे-मागे झुलतो आणि ड्रॅग लिंक नावाची सळई ढकलतो. आमच्या जीपमध्ये ती सळई पुढे मध्यभागी बसवलेल्या बेल क्रँकला जोडलेली आहे. बेल क्रँक म्हणजे एका खिळीवर फिरणारा काटकोनी तुकडा. पुढे-मागे येणारी ओढ तो डाव्या-उजव्या ओढीत बदलतो. त्याच्यापासून दोन टायरॉड निघतात आणि एकेका चाकाच्या नकलला जाऊन मिळतात. नकल स्वतः वर-खाली दोन किंग पिनांवर फिरते. म्हणजे आपल्या हातापासून रस्त्यापर्यंत आठ-दहा सांधे आहेत. हे बहुतेक सांधे माणसाच्या खांद्याच्या सांध्यासारखे असतात, वाटीत गोळा. वाटी झिजली, ग्रीस आटले, रबराची टोपी फाटून धूळ आत गेली, की गोळा वाटीत खुळखुळायला लागतो.

इथे एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे. जीपच्या स्टिअरिंग बॉक्सचे प्रमाण साधारण बारा ते चौदास एक असे असते. म्हणजे आपण चाक बारा-चौदा अंश फिरवतो तेव्हा पिटमन आर्म एक अंश हलतो. याचा फायदा असा की हाताला जोर कमी लागतो. उलट बाजूने पाहिले तर खाली एका सांध्यात मिलिमीटरभर ढिलाई आली की वर चाकाच्या कडेला ती दोन-अडीच सेंटिमीटर होऊन दिसते. तीन-चार सांधे थोडे थोडे झिजले की झाले! कोणताही एक सांधा हातात धरून पाहिला तर "एवढे तर चालते" असे वाटते. सगळ्यांची बेरीज मात्र चालवणाऱ्याच्या हातात येते.

ही बेरीज किती असावी, हे कायद्यानेही सांगितले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ वा नियम म्हणतो की स्टिअरिंगच्या चाकावरची रिकामी फिरकी ३० अंशांपेक्षा जास्त असू नये, सांध्यांच्या गोळ्यांवर रबराच्या टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. आमच्या दहावीतल्या मुलीने हे मोजायचे काम घेतले. चाकाचा व्यास ४४ सेंटिमीटर भरला, म्हणजे परीघ साधारण १३८ सेंटिमीटर. ३० अंश म्हणजे परिघाचा बारावा हिस्सा, सुमारे साडेअकरा सेंटिमीटर. पुढची चाके सरळ ठेवून, इंजिन बंद करून तिने चाक हळूहळू डावीकडे फिरवले. खाली उभ्या भावाने टायर हलायला लागल्याचा आवाज दिला, तिथे खडूची खूण केली. मग तसेच उजवीकडे. दोन खुणांमध्ये १३ सेंटिमीटर अंतर निघाले. म्हणजे ३४ अंश. अब्बांनी तो आकडा तिच्याकडून दोनदा ऐकून घेतला आणि मग मात्र काही बोलले नाहीत. कोणत्याही घरात हे पाच मिनिटांत करता येते. त्याला जॅक लागत नाही की पाना लागत नाही.

ढिला सांधा कोणता, हे शोधायला दोन माणसे हवीत. एकाने वर बसून चाक थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायचे, दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर बोटे ठेवत पुढे जायचे. सांध्याच्या अलीकडची सळई हलते आणि पलीकडची उशिरा हलते, तिथे झीज आहे. डोळ्यांपेक्षा बोटांना हे लवकर कळते. आमच्या जीपमध्ये चारपैकी तीन टायरॉड एंड गेलेले निघाले आणि बेल क्रँकची बुश तर इतकी गेली होती की तो तुकडा फिरण्याआधी आधी झुकायचा. ड्रॅग लिंक ठीक होती.

मग पुढचा भाग जॅकवर घेऊन चाके तपासली. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवला तर डाव्या चाकात 'कट' असा आवाज आला. हा आवाज चाकाच्या बेअरिंगचा की किंग पिनचा, हे ओळखायची जुनी युक्ती आहे. आत कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिली तर किंग पिनचा. डावीकडे बेअरिंग निघाले, उजवीकडे किंग पिन.

जॅकबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण घरी काम करताना माणसे जखमी होतात ती बहुतेक इथेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-पाय किंवा डोके कधीही घालू नये. गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि अॅक्सलखाली दोन्हीकडे लोखंडी स्टँड किंवा बाभळीचे रुंद ठोकळे द्यावेत. विटा देऊ नयेत, त्या अचानक फुटतात. मुले आसपास असतील तर काम सुरू होण्यापूर्वी गाडी एकदा जोराने हलवून पाहावी. पडायची असेल तर ती तेव्हाच पडू दे.

काम आम्ही फजरनंतर सुरू करून दहाच्या आत बंद करत होतो. मे महिन्यात साक्रीत त्यानंतर लोखंडाला हात लावता येत नाही. आदल्या रात्री सगळ्या नटांवर डिझेल सोडून ठेवले होते. टायरॉड एंडच्या खाली खाचांचा नट असतो आणि त्यातून स्प्लिट पिन गेलेली असते. पिन काढायची, नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवायचा. गोळ्याचा दांडा उतरत्या आकाराचा असतो आणि तो नकलच्या डोळ्यात घट्ट बसलेला असतो. नव्या माणसाला वाटते की खालून दांड्यावर ठोकावे. तसे केले की आटे चेपतात. खरी रीत अशी, की डोळ्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकाच वेळी दोन हातोड्यांचे टोले द्यायचे. डोळा क्षणभर दबतो आणि दांडा सुटून खाली येतो. तो धपकन पडू नये म्हणूनच नट राखलेला असतो. भाऊ आणि आम्ही समोरासमोर बसून हे करत होतो. चौथ्या-पाचव्या टोल्याला पहिला सांधा सुटला, तेव्हा ओट्यावरून अब्बांनी "माशाअल्लाह" म्हटले. त्यांची नाराजी त्या आवाजाबरोबर गेली असे आम्हाला वाटते.

जुना एंड फिरवून काढण्यापूर्वी तो किती आटे आत आहे हे मोजून वहीत लिहावे. टायरॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे, म्हणून एका बाजूचा एंड उलट्या दिशेने निघतो. हे ठाऊक नसेल तर माणूस नटाचा राग नळीवर काढतो. नवा एंड तेवढेच आटे फिरवून बसवला की चाकांचा कोन निदान जवळपास पूर्वीसारखा येतो. दांड्याचा उतरता भाग आणि डोळा दोन्ही फडक्याने कोरडे पुसावेत, तिथे ग्रीस लावू नये. नट आवळल्यावर पिनेचे छिद्र जुळले नाही तर नट आणखी थोडा पुढे न्यावा, मागे कधीच घेऊ नये. स्प्लिट पिन नेहमी नवीच घालावी. दोन-चार रुपयांची ती पिन जुनी वापरणारा माणूस पैसे कुठे वाचवतो, हे आम्हाला कळलेले नाही.

सुटे भाग मिळवणे हे अर्धे काम आहे. साक्रीत जीपचे टायरॉड एंड मिळतात, बाकीच्या भागांसाठी पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर धुळे गाठावे लागते. तिथेही न मिळाले तर लोक मुंबईला कुर्ल्यातून किंवा हरियाणातल्या मंडी डबवालीहून मागवतात. डबवालीत जुन्या जीप नव्याने उभ्या करण्याचा मोठा धंदा आहे. अडचण भाग मिळण्याची नाही, चांगला भाग ओळखण्याची आहे. एका दुकानात आम्हाला दाखवलेल्या एंडचा गोळा हाताने सहज गरगर फिरत होता. नव्या गोळ्याला हाताने हलवताना चांगला विरोध जाणवला पाहिजे, तो आपोआप झुकता कामा नये. टोपीचे रबर मऊ असावे, ग्रीस भरण्याचे निप्पल असावे, आणि दांड्याचा उतार जुन्याशी जुळतो का ते डोळ्यात घालून पाहावे. सगळे भाग मिळून झालेला खर्च टायरच्या एका नव्या जोडीपेक्षा कमी होता. उलट ढिल्या स्टिअरिंगमुळे पुढच्या टायरच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या, हे काम काढल्यावरच नीट दिसले.

बेल क्रँकची बुश मात्र खरादवाल्याकडून करून घेतली. भाडण्याचा पांझरा-कान साखर कारखाना चालू होता तेव्हा तिथे उमेदवारी केलेले काही कारागीर आता आसपास आपापले खराद चालवतात. त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या मिस्त्रींकडे आम्ही गेलो. 'खराद' हा शब्द अरबी 'खर्रात'वरून फारसी-उर्दूतून आपल्याकडे आला, तर 'मिस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून. गॅरेजात उभे राहिले की भाषेचा तास आपोआप होतो. मिस्त्रीचाचांनी जुनी बुश पाहून सांगितले की मूळच्या सुयांच्या बेअरिंगच्या जागी ही कोणीतरी पूर्वी बसवलेली आहे. त्यांनी गनमेटलची नवी बुश काढून दिली आणि ग्रीस जाण्यासाठी आतून खाच पाडली. खिळी मात्र त्यांनी करायला साफ नकार दिला. "साध्या सळईची करून देईन, चार महिन्यांत कापली जाईल. ही आतून पक्की केलेली असते. बाजारातूनच आणा, सर." पैसे मिळत असताना नाही म्हणणारा कारागीर जपून ठेवावा, असे आमचे मत आहे.

त्यांनीच आणखी एक गोष्ट बजावली आणि ती सगळ्या वाचकांपर्यंत पोहोचावी म्हणून हा लेख लिहिण्याचे मनात आले. आपल्याकडे ढिल्या सांध्यावर तीन 'इलाज' चालतात. एक, वाटी आणि गोळ्याच्या मध्ये पत्र्याचा तुकडा किंवा ट्यूबचे रबर घालणे. दोन, झिजलेल्या भागावर वेल्डिंगचा थर चढवून तो घासणे. तीन, वाकलेला हात तापवून सरळ करणे. या तिन्हींनी स्टिअरिंग आठवडाभर घट्ट लागते. पण पत्रा निघून पडतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा कणखरपणा जातो. मग तो भाग झिजत नाही, एके दिवशी एकदम तुटतो. टायरॉड तुटला तर एक चाक एकीकडे आणि दुसरे दुसरीकडे जाते. त्यानंतर चालवणारा कितीही हुशार असो, त्याच्या हातात काही राहत नाही. ट्रॉलीच्या हुकावर, पाटीच्या कडीवर जुगाड खुशाल करा. स्टिअरिंग आणि ब्रेकवर नको.

दुसरा मोह स्टिअरिंग बॉक्सचा. बॉक्सवर एक स्क्रू असतो, तो आवळला की चाकावरची ढिलाई कमी झाल्यासारखी वाटते. बरेच जण सांधे न बदलता तोच आवळतात. पण बॉक्स मध्यभागी, म्हणजे गाडी सरळ जाताना, सगळ्यात घट्ट असतो. तिथे तो जास्त आवळला तर वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही, मध्येच अडकते. घाटाच्या वळणांवर हे ढिलाईपेक्षा वाईट. म्हणून आधी सगळे सांधे, मग ड्रॅग लिंक सोडवून, चाक बरोबर मध्यावर ठेवून बॉक्स तपासायचा. आमचा बॉक्स तपासला तेव्हा तो ठीक होता. फक्त तेल कमी होते, ते भरले.

किंग पिनचे काम आम्ही घरी केले, पण एकट्याने नाही. मिस्त्रीचाचा जुम्याच्या नमाजनंतर घरी आले. त्या कामात चाक, हब, ब्रेकचा ड्रम असे सगळे उतरवावे लागते. किंग पिनची रोलर बेअरिंगे वरखाली बसतात आणि त्यांचा घट्टपणा कागदासारख्या पातळ पत्र्यांनी ठरवतात. त्या पत्र्यांना शिम म्हणतात. एक शिम कमी केली की नकल घट्ट, जास्त घातली की ढिली. वर आणि खाली शिम सारख्याच जाडीच्या ठेवाव्या लागतात. हा अंदाज पुस्तक वाचून येत नाही. ज्याने हे पूर्वी केलेले नाही त्याने हे काम जाणकाराला शेजारी बसवूनच करावे. मुलगी शिम मोजून मिस्त्रीचाचांच्या हातात देत होती. त्यांनी तिला विचारले, "बेटा, गाडी शिकणार का?" ती म्हणाली, "आधी ही पूर्ण उघडून पाहणार." तिच्या अम्मीला हे उत्तर फारसे आवडले नाही, कारण त्या दिवशीची ओढणी ग्रीसने गेली होती.

शेवटी चाकांचा कोन. पुढून पाहिले तर दोन्ही चाके पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असावी लागतात. याला टो-इन म्हणतात. विलीजच्या पुस्तकात तो एक ते सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास दिलेला आहे. घरी हे असे केले : दोन्ही टायरवर मध्यभागी खडूची रेघ, हबच्या उंचीवर पुढच्या बाजूला दोन रेघांमधले अंतर टेपने मोजले, मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागे नेल्या आणि पुन्हा मोजले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी येईपर्यंत टायरॉडची नळी फिरवली. दोन्ही बाजूंना डाव्या-उजव्या आट्यांची सोय असते ती यासाठीच. मग क्लँप आवळले. नंतर धुळ्यात अलाइनमेंटच्या यंत्रावरही तपासून घेतले. जीपचा पुढचा अॅक्सल अखंड असतो, त्यामुळे चाकांचे बाकीचे कोन घडणीतच ठरलेले असतात. दुकानदाराने "सगळे अँगल सेट करून देतो" म्हटले तर ते सगळे अँगल कोणते, एवढे विचारावे.

मुलीने पुन्हा मोजले. १३ सेंटिमीटरच्या जागी ४ सेंटिमीटर, म्हणजे साडेदहा अंशांच्या आत.

ज्यांच्याकडे पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर आहे त्यांना यातले बरेच लागू पडते, पण सगळे नाही. पद्मिनीला जीपसारखाच स्टिअरिंग बॉक्स आणि त्यापुढे सळया-सांधे आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, पण घरांमध्ये ती अजून आहे. अॅम्बेसेडरला बॉक्स नाही. तिथे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे लहान चक्र असते. त्या पट्टीचे दात मध्ये झिजले तर घरी करण्यासारखे काही नसते, टोकांचे बॉल जॉइंट तेवढे बदलता येतात.

कागदपत्रांचेही लिहायला हवे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीत स्टिअरिंग पाहतात. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी जुलै २०२१ पासून 'विंटेज' नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी आणि इंजिन बदललेले नसावे, अशी अट आहे. मूळचाच सांधा नवा बसवण्याला त्यात अडचण दिसत नाही. पण विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमची जीप वयाने त्यात बसते, तरी शेतावर जायचे असल्यामुळे आम्ही नेहमीचीच नोंदणी चालू ठेवली.

लग्नाच्या दिवशी कोंडाईबारी भावाने चालवत पार केली. अब्बा त्याच्या शेजारी बसले होते आणि संपूर्ण उतारभर भावाच्या हातांकडे पाहत होते. हात हलत नव्हते. विसरवाडीला चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी किल्ली मागून घेतली आणि नवापूरपर्यंत स्वतः चालवली.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट आणि पिना आम्ही पुन्हा तपासल्या, ग्रीस भरले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रीस गन काढायची जबाबदारी मुलीकडे आहे. निप्पलमधून जुने ग्रीस बाहेर येऊन रबराची टोपी किंचित फुगेपर्यंत भरायचे, जास्त नाही. उजव्या नकलचे तेलाचे सील अजून थोडे पाझरते. ते दिवाळीच्या सुट्टीत उघडायचे आहे, मिस्त्रीचाचांना सांगून ठेवले आहे.